लेंटमध्ये सोडलेली मैत्रीण

शहादा, १६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सिस्टर रूपा यांस,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. झारखंडातल्या कुठल्याशा गावाचा शिक्का होता, म्हणून आधी वाटलं देणगी मागणारं असेल. आत 'प्रिय दामू' वाचलं आणि पाकीट मिटून बाजूला ठेवलं. मला दामू म्हणणारं कुणी आता उरलेलं नाही, असं धरून मी चालले होते.

तुम्ही लिहिता की दवाखान्याच्या कामातून मोकळं केलं आहे, तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे गेले, आणि मला भेटायची इच्छा आहे. फोन नंबरही दिला आहे. तो मी लावणार नाही. माझी सगळी नोकरी इथल्या टेलिफोन ऑफिसात गेली, सुरुवातीची कितीतरी वर्षं ऑपरेटर म्हणून. माणसं फोनवर किती सहज खोटं बोलतात ते मी कानांनी ऐकलं आहे. पत्रात खोटं लिहायला निदान बसावं लागतं.

भेटायचं की नाही ते नंतर. आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि हे 'तुम्ही' मला झेपत नाही, तेव्हा तू म्हणूनच विचारते.

१९८० साली तू मठात नवीन होतीस. तुमचा लेंट, ईस्टरआधीचे ते उपासाचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आधी तुझं कार्ड आलं. 'राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत प्रत्येकीने आपली सगळ्यांत आवडती गोष्ट सोडायची आहे. माझ्याकडे आता आवडतं असं एकच उरलं आहे, तुला पत्र लिहिणं. म्हणून ते सोडते. ईस्टर झाला की लिहीन.'

ईस्टर झाला. त्यानंतर आणखी पंचेचाळीस झाले.

वसतिगृहात आपण एकत्र होतो तेव्हा मी दर वर्षी हे बघत होते. तुम्ही ख्रिस्ती मुली दुधातली साखर सोडायच्या, आणि ईस्टरच्या सकाळी कपात इतकी साखर घालायच्या की चमचा उभा राहावा. म्हणजे सोडलेलं परत घ्यायचं असतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मग मी काय साखरेहूनही हलकी होते का? का लिहिलं नाहीस, एवढंच सांग.

तोवर मीही एक करून बघणार आहे. परवा तुमचा राखेचा बुधवार. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत मी चहा सोडते. यात धर्म शोधू नकोस. काल शिवरात्रीला आमचं सगळं घर तापीकाठच्या प्रकाशा गावी केदारेश्वराच्या दर्शनाला गेलं, तेव्हाही मी घरीच होते. मला फक्त बघायचं आहे की आवडती गोष्ट सोडली की माणसाच्या आत असं काय होतं, की मुदत संपल्यावरही ती परत घ्यावीशी वाटत नाही.

दामिनी पाटील


शहादा, २ मार्च

रूपा,

कार्ड मिळालं. 'उत्तर देते, पण एका बैठकीत लिहवत नाही. तोवर चहाचं कळव.' हे बरं आहे. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तरही मीच पाठवायचं.

तर चहा. पहिले दिवस डोकं इतकं दुखलं की मी पेपरवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडले. ते तसंही भांडते, पण यावेळी कारण होतं. मग डोकं थांबलं. आता सकाळचं काही वाटत नाही. दुपारी चार वाजले की मात्र मी उठते, स्वयंपाकघरात जाते, आणि ओट्याशी नुसती उभी राहते. कशाला आले ते कळत नाही. तुमच्या पुस्तकात याला काही नाव आहे का?

आत्मशुद्धी म्हणशील तर ती काही झालेली नाही. झालं आहे ते वेगळंच, आणि त्याला माझी भावजय जबाबदार आहे.

तापीबाईला तू पाहिलेलं नाहीस. रूपचंदची, माझ्या धाकट्या भावाची बायको. दोन घरांना एकच अंगण आहे. रोज चारला ती माझ्याकडे चहाला येते. बुधवारी आली, तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे केला.

"आक्का, चहा सोडा का तुम्हीन?"

"हो."

"कोनापुढे?"

"कुठल्याच देवापुढे नाही. सहज."

"सहज कोनी चहा सोडस का? ऱ्हाऊ द्या, नका सांगू. सांगं तं पुन्य कमी व्हस."

मी तिला समजावलं की हे ईस्टरपर्यंतच आहे, पाच एप्रिलला मी परत चहा घेणार. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"सोडेल वस्तू परत लेतस का कोनी? तुम्ही मन्ही फिरकी ली ऱ्हायनात."

तिचंही चुकत नाही. आमच्याकडे काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडून येतात, ती कायमची. माझ्या आईने वांगं सोडलं होतं. खानदेशात राहून वांगं सोडायचं. हिवाळाभर कपाशीच्या काड्यांवर ती घरादारासाठी वांगी भाजायची, मिरच्या कुटून भरीत घोटायची, आणि मीठ बरोबर पडलं की नाही ते मला चाखायला लावायची. मरेपर्यंत जिभेला लावलं नाही. वडिलांनी त्याच काशीला कारलं सोडलं. कारलं त्यांनी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. विश्वनाथाला असं फसवून आलेला माणूस वर आईला सांगायचा, सोडणं फार सोपं असतं, मन पाहिजे.

एकदा मी आईला विचारलं होतं, वांगं सोडून तुला काय मिळालं? म्हणाली, काही मिळवायला सोडतात ते नवस. हे नुसतं सोडलेलं आहे. मला ते तेव्हाही कळलं नव्हतं. तुला कळतं का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तुमच्याकडे सोडायचं ते परत घेण्यासाठी, आमच्याकडे सोडायचं ते विसरण्यासाठी, आणि दोन्हीकडे लोक म्हणतात की देवाला बरं वाटतं. देवाला नेमकं काय बरं वाटतं? माझ्या चहाचं तो काय करतो?

तर तापीबाईने गल्लीभर सांगितलं. गेल्या रविवारी पुरुषोत्तमनगरला एका साखरपुड्याला गेलो होतो. चहाचा ट्रे माझ्यापर्यंत आला आणि तिने पलीकडून हात केला, "आक्कासले नका देऊ, त्यासनी सोडेल शे." मला साय धरलेलं कोमट दूध आणून दिलं. चार बायका माझ्या पाया पडल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिची अडचण झाली असती.

मी एवढी गप्प बसले, याची नोंद घे. आता तुझं उत्तर पाठव.

दामिनी


शहादा, २१ मार्च

रूपा,

पाडव्याच्या दिवशी तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. तुझी वाक्यं तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे मला बरोबर समजलं का ते सांगता येईल.

तू म्हणतेस, पत्र बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला प्रार्थनेला बसवेना. कारण शोधलंस तेव्हा कळलं, की तू सकाळपासून जे काही बघत होतीस ते मला सांगायचं म्हणून बघत होतीस. चॅपेलमधली चिमणी, भाताची करपलेली हंडी, मदर सुपीरिअरचं घोरणं, सगळं. प्रार्थनासुद्धा मला लिहायला काहीतरी हवं म्हणून चालली होती. 'देवाशी बोलताना मी तुझ्याकडे बघत होते. तू नाहीस असं झाल्यावर देवही दिसेना.' म्हणून भीती वाटली. म्हणून ईस्टर झाला तरी लिहिलं नाहीस. पुढच्या लेंटपर्यंत थांबू म्हणालीस, मग त्याच्या पुढच्या.

म्हणजे देवाची आणि माझी स्पर्धा होती, मी जिंकत होते, म्हणून मला बाद केलंत.

मला राग आला आहे, पण या पत्राने तो कुठे ठेवावा ते कळेनासं झालं आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं तू मला विसरलीस. त्याचा राग सोपा होता.

तू शेवटी म्हणतेस, 'तूही लिहू शकली असतीस.' नाही. ज्याने सोडलं त्याने यायचं असतं.

आता माझं सांगते, कारण तुझ्या उत्तरामुळे माझं उलगडलं. चारच्या ठोक्याला मी ओट्याशी उभी राहते म्हणून लिहिलं होतं ना? मला चहा आठवतच नव्हता. मी भांड्यावर झाकण आपटलं की तापीबाई तिकडून हातातलं काम टाकून यायची. ती बसायची, मी बोलायचे. नगरसेवक कसा चुकला, तिची सून कशी चुकली, हवामान खातं कसं चुकलं. ती मान हलवायची. चहा हा माझ्या कोर्टाचा पट्टेवाला होता. तो गेला, आणि कोर्ट बसेना. माझं कुणी ऐकायला येईना.

सोडल्याशिवाय हे दिसलं नसतं, एवढं मी मान्य करते. वस्तू बाजूला काढली की तिच्यामागे लपलेलं उघडं पडतं. हाच उद्देश असेल तर तुमचा लेंट मला वाटलं त्यापेक्षा चलाख आहे. वडिलांचं कारलं यात नापास. आईच्या वांग्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

मग गुरुवारी चारला मीच अंगण ओलांडून तिच्या ओसरीवर गेले. इतक्या वर्षांत दुपारची कधी गेले नव्हते. ती गहू निवडत होती. म्हटलं, तू घे तुझा चहा, माझ्यासाठी थांबू नकोस.

"मी बी सोडी दिन्हा," ती म्हणाली.

"काय?"

"चहा. सोमवारे प्रकाशाले गयथू ना मी, तठेच सोडा."

"का?"

"तुम्ही एकल्याच कश्या सोडशात? मी समोर बशीसन बशी फुरकसू, तुम्ही देखशात. बरं दिखस का ते?"

"अगं बाई, माझं पाच एप्रिलला संपणार आहे. तुला सांगितलं होतं."

"मन्हं संपाव नही. महादेवले सांगेल शे."

रूपा, या बाईला सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा चहा लागतो. बाळंतपणात तिने डिंकाच्या लाडवाऐवजी चहा मागितला होता. माझा निव्वळ बघू या म्हणून केलेला खेळ, आणि तिचा जन्मभराचा चहा गेला. मी ओरडले. ती गहू निवडत राहिली. म्हणाली, "डोकं दुखस जरासं. तुम्हनं कितला दिन दुखनं व्हतं?"

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर गहू निवडले. मला खडे दिसत नाहीत, चष्मा घरी राहिला होता. ती माझ्यासमोरचा ढीग गुपचूप पुन्हा निवडत होती. आणि एक सांगू? त्या तासाभरात ती बोलली. सुनेबद्दल, तिच्या माहेरच्या केळीच्या बागेबद्दल, रूपचंदच्या कमी ऐकू येण्याबद्दल. इतकी वर्षं मी तिला चहा पाजत होते आणि तिचा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं.

भेटीचं अजून ठरवलेलं नाही. पण तू गुजरातेत कुठे जाणार म्हणतेस ते नीट कळव.

दामिनी


शहादा, २८ मार्च
(स्पीड पोस्ट)

रूपा,

आज सकाळी तुझं पत्र आलं आणि आजच हे टाकते आहे, म्हणजे तू निघण्याआधी मिळेल.

तर आणंदजवळ तुमच्या म्हाताऱ्या सिस्टरांचं घर आहे, आता कायमचं तिथे राहायचं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी हावड्याहून अहमदाबादला जाणारी गाडी नंदुरबारला थांबेल, आणि तू तिच्यात असशील. तुमच्या सुपीरिअरबाई स्वतः म्हणाल्या, चार दिवस उतर, मैत्रिणीकडे राहा, मग पुढे जा. इथपर्यंत वाचून मी उठले आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरची चादर बदलली.

मग पुढचं वाचलं. 'पण मी उतरणार नाही. या वेळच्या लेंटला माझ्याकडे सोडण्यासारखं हेच होतं. तुला भेटायची इच्छा मी देवाला दिली आहे. तुझ्या गावावरून जाताना खिडकीतून हात करीन.'

हात करीन म्हणे. नंदुरबार स्टेशन काय माझ्या अंगणात आहे?

आता नीट वाच. मी गेला सव्वा महिना याच विषयाचा अभ्यास केला आहे, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे.

चहा माझा होता, तो मी सोडला. आईचं वांगं तिचं होतं. तापीबाईने सोडलेला चहाही तिचाच, म्हणून मी कितीही ओरडले तरी मला तो परत आणता येत नाही. पण तू पहिल्यांदा जे सोडलंस ते तुझं एकटीचं नव्हतं. दोघींचं होतं. तू तुझा हिस्सा देवाला वाहिलास, त्याच्याबरोबर माझाही गेला, आणि मला कुणी विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही, त्याच्याशी मी वेगळं बोलेन.

तेव्हा तू विशीची पोर होतीस आणि घाबरली होतीस. टेकू दिसला, तो काढून पाहिलास, आपण उभे राहतो का ते बघितलंस. ते मला पटतं. उभी राहिलीसही, एवढा दवाखाना चालवलास. मग आता कशाची परीक्षा चालली आहे? गुडघे गेलेल्या बाईने पुन्हा एकदा आधाराशिवाय उभं राहून कुणाला दाखवायचं?

मला शंका आहे, आणि ती स्पष्ट लिहिते. तुला सोडायची सवय लागली आहे. ज्याला साखर आवडत नाही त्याने साखर सोडू नये, हे आपल्याला वसतिगृहात सांगितलं होतं. तुला आता सोडणंच गोड लागतं. लेंटमध्ये आवडती गोष्ट सोडायची असेल, तर रूपा, यंदा तू सोडणं सोड.

तापीबाईला विचारलं, ईस्टरनंतर माझी जुनी मैत्रीण आली तर तू जेवायला काय करशील? न उतरणारी मैत्रीण आहे हे सांगितलं नाही. ती म्हणाली, "कोन, ती मास्तरीन-देवीन?" तिच्या मते सगळ्या सिस्टर शाळेत शिकवतात. "ती काय काय सोडेल शे ते पहिले सांगा. मंग रांधसू."

मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांग.

मी मंगळवारी पहाटेची एसटी धरून नंदुरबारला येते. गाडी यायच्या आधी फलाटावर असेन. उतरायचं नसेल तर उतरू नकोस, पण मग खिडकीशी ये आणि माझ्या तोंडावर सांग की सोडलं. कार्डावर नाही चालणार. आणि ओळखू आले नाही तर, फलाटावर जी बाई हमालाशी भांडत असेल ती मी.

दामू


बुधवार, ८ एप्रिल, सकाळ

रूपा,

गाढ झोपली आहेस म्हणून उठवलं नाही. तुझ्यासोबतची ती तरुण सिस्टर तापीबाईकडे अंघोळीला गेली आहे. तिला तिकडे भाकरी थापायला बसवतील असं दिसतं. तिला सोडवायचा प्रयत्न करू नकोस.

गोळ्या उशाशी आहेत. बाथरूमचं दार आत ओढून मग कडी लाव. पायरी उंच आहे, मला हाक मारल्याशिवाय उतरू नकोस. मी नसले तर तापीबाईला हाक दे, तिला कुणी हाक मारलेली आवडते.

चहा ओट्यावर झाकून ठेवला आहे. गरम करून घे, पण स्वयंपाकघरात उभ्यानेच घे, आणि कप लगेच विसळून टाक. मी रविवारपासून असाच घेते आहे, चोरासारखा. तापीबाईला वाटतं माझंही कायमचं आहे. तिला सांगायचं की नाही ते अजून ठरत नाही. सांगितलं तर ती एकटी पडते, नाही सांगितलं तर मी लबाड ठरते. तू या धंद्यात जन्म काढलास, तुला काय वाटतं ते विचार करून ठेव. चार वाजता मी तिच्याकडे गहू निवडायला जाते. तूही चल. तिथे पाणी मिळेल.

काल एवढं बोललो, पण एक विचारायचं राहिलं. मला लिहिणं बंद केल्यावर इतकी वर्षं दिवसभरातलं सगळं तू कुणाला सांगत होतीस? देवाला, म्हणशील. ते ठीक आहे. पण तो मध्येच थांबवून, मग काय झालं, असं विचारत नाही. मी विचारते.

कोपऱ्यावरून दूध घेऊन येते. आल्यावर पहिल्यापासून सांग.

दामू